आगाताबाईचा पाव

अंजनाबाई कुणापुढं हात जोडत नसे, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी ती स्वतःच घ्यायची. इंदोऱ्याच्या तिच्या गल्लीत कुणी नवस बोललं, कुणी चौकात उतारा टाकला, कुणी लेकराच्या गळ्यात काळा दोरा बांधला, की तिच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. ती लांबून येताना दिसली तरी बायका पोरांचे दोरे झबल्यात लपवायच्या.

तिला बोलायचा हक्कही होता. तिचा पहिला मुलगा नुकता पळायला लागला होता, तेव्हा तापानं फणफणला. सासूनं भगताला बोलावलं. भगतानं लिंबं कापली, अंगारा फासला, कोंबडं मागितलं, आणि सगळं घर हात जोडून बसून राहिलं. शेवटी अंजनाबाईनं पोराला लुगड्यात गुंडाळलं आणि कुणाला न विचारता दवाखाना गाठला. डॉक्टरनं पोराची पापणी वर करून पाहिली आणि विचारलं, आधी का नाही आणलं? तिला उत्तर देता आलं नाही. पोरगा दिवस मावळायच्या आत गेला. पुढं छप्पन साली पांढरं लुगडं नेसून ती नवऱ्याबरोबर बौद्ध दीक्षेला बसून आली, आणि घरात पाय ठेवल्याबरोबर देव्हाऱ्यातले टाक तिनं आपल्या हातांनी उचलून विहिरीत टाकले. सासू दोन दिवस रडत होती. अंजनाबाईला मात्र त्या रात्री कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली.

अशी ही बाई नोकरी करायची ती नेमकी सदर भागातल्या एका कॉन्व्हेंटात, जिथं दर दारावर क्रूस. यावरून लोक तिला चिडवायचे. ती म्हणायची, मी त्यांचा मैदा मळते, त्यांचा देव नाही मळत. नवरा वारल्यावर तर त्या नोकरीवरच घर चालायचं. तिथल्या सिस्टर फिलोमिना नावाच्या म्हाताऱ्या मंगळुरी बाईनं तिला खमीर कसं उठवायचं, विटांची भट्टी कशी तापवायची, हे सगळं हाताला धरून शिकवलं होतं. आता सिस्टरचे गुडघे गेले होते आणि भट्टीवर अंजनाबाईचं एकटीचं राज्य होतं.

मैदा मळायच्या टेबलाच्या वर, भिंतीला एक जुनी तसबीर टांगलेली होती. तिच्यात एक तरणी बाई उभी. अंगावर लाल शेला, हातात तबक, तबकात दोन गोल पाव. पहिली काही वर्षं अंजनाबाईला वाटायचं, ही आपल्याच धंद्यातली असेल. एकदा तिनं सिस्टरला तसं विचारलं, तर सिस्टर आधी पोट धरून हसली आणि मग तिनं नीट बघायला सांगितलं. तबकात पाव नव्हते. त्या बाईची कापलेली छाती होती.

मग सिस्टरनं तिला सगळी हकिकत सांगितली. फार जुन्या काळी, समुद्रापलीकडं सिसिली नावाच्या बेटावर आगाथा नावाची मोठ्या घरची देखणी पोर होती. ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्याला तेव्हा जगू देत नसत. तिथल्या सुभेदाराची तिच्यावर नजर गेली. तिनं सांगितलं, माझं आयुष्य मी देवाला दिलंय. सुभेदारानं तिला आधी बदनाम वस्तीत ठेवून पाहिलं, मग तुरुंगात घातलं, आणि तरीही ती वाकेना तेव्हा तिची छाती कापायला लावली. तिनं त्याला एवढंच विचारलं, की तुझ्या आईनं तुला ज्यावर वाढवलं तेच कापताना तुला लाज वाटली नाही का? रात्री कोठडीत उजेड पडला. संत पेत्र म्हाताऱ्याच्या रूपात आला, आणि तिच्या जखमा भरल्या, छाती होती तशी झाली. पण सुभेदार काही सुधारला नाही. त्यानं तिला निखाऱ्यांवर आणि फुटक्या खापरांवर लोळवलं, आणि त्यातच ती कोठडीत मेली.

"मंग तिले बरी कायले केली?" अंजनाबाईनं विचारलं होतं.

सिस्टरनं यावर बरंच काही सांगितलं, पण अंजनाबाईला ते पटलं नाही आणि तिनं ते तोंडावर सांगितलं.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला या आगाथेचा सण यायचा. त्या दिवशी अंजनाबाई तबकातल्यासारखे लहान गोल पाव टोपल्या भरभरून भाजायची. पाद्री येऊन मंत्र म्हणायचे, पाणी शिंपडायचे आणि मग ते पाव दारात वाटले जायचे. ख्रिस्ती बायका यायच्याच, पण मोहल्ल्यातल्या दुसऱ्याही यायच्या. जिला दूध येत नाही ती, जिची छाती दुखते ती, रांगेत पदर ओढून उभी राहायची. त्यांनी आगाथेचं आगाताबाई करून टाकलं होतं. अंजनाबाई त्या पावाला पाणी पडल्यावर शिवायची नाही. पाणी पडलं की तो प्रसाद, आणि प्रसाद खायचा नाही अशी तिची दीक्षेपासूनची शपथ. खायचाच झाला तर ती आधीच टोपलीतून एक उचलून बाजूला ठेवायची, आणि सिस्टर तिला हट्टी म्हणायची.

त्र्याहत्तर सालच्या नाताळाच्या आधी तिची मुलगी प्रेमिला उमरेडहून एस.टी.नं आली. कडेवर सहा-सात महिन्यांची सुजाता. प्रेमिलाचा नवरा आनंदराव उमरेडला हातमागावर बसायचा. सरळ माणूस, दारूचा थेंब नाही. अंजनाबाईला वाटलं, पोरगी माहेरपणाला आली असेल. पण पोरगी पाठीला उशी लावून नुसती बसून राही, आणि सुजाता रडली की तिला उजव्या बाजूलाच घेई. डाव्या बाजूला तोंड गेलं की लेकराला झटकन फिरवी.

अंजनाबाईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. तिनं दार लावून घेतलं आणि पोलक्याची गुंडी काढायला लावली. डाव्या बाजूला काखेकडं एक गाठ होती, लिंबाएवढी, टणक. वरची कातडी आत ओढली गेली होती. किती दिवसांपासून आहे म्हणून विचारलं, तर प्रेमिला म्हणाली सुजाताच्या वेळी पोटुशी होते तेव्हापासून. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. अंजनाबाई तिथंच जमिनीवर बसली.

दुसऱ्याच दिवशी तिनं पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. उत्तराबाई नावाची डॉक्टर होती, तरणी, कमी बोलणारी. तिनं तपासलं, सुईनं तुकडा काढून घेतला, आठवड्यानं परत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅन्सर आहे. काखेत अजून उतरलेला नाही. ही बाजू काढून टाकली तर पोरगी लेकराला मोठं करेल. उशीर करू नका. लगेच दाखल करा.

प्रेमिला दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली येऊन उभी राहिली आणि नाही म्हणाली. अंजनाबाई रागावली, रडली, पाया पडली. प्रेमिला नाहीच म्हणत राहिली. उमरेडच्या बायका विहिरीवरच्या दगडांवर सगळ्या मिळून अंघोळ करत. तिथं उद्या ती कशी बसणार? सगळ्या तिच्याकडं पाहणार, आणि पाहून न पाहिल्यासारखं करणार. ते तिला मरणाहून वाईट वाटत होतं. आनंदरावाला निरोप गेला. तो आला, सुजाताला मांडीवर घेऊन डोळे पुसत म्हणाला, ती राहिली पाहिजे, बाकी मला काही नको. तो गेल्यावर प्रेमिला म्हणाली, आता म्हणतात, मग बघवणार नाही.

पुढचे दिवस अंजनाबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. भट्टीपुढं उभी असली की तिला ती गाठच दिसे. मैद्याचा लहान गोळा हातात आला की अंगावर काटा येई. ती रोज घरी जाऊन नव्यानं समजूत घाली आणि प्रेमिला रोज भिंतीकडं तोंड करी. पोरगी जेवेना, बोलेना. अंजनाबाईनं हात टेकले. एवढी तोंडाळ बाई, पण आपल्या लेकीला काय सांगावं ते तिला सुचेना.

अशात एका रविवारी दुपारी ती अंगणात प्रेमिलाच्या डोक्याला तेल लावत बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून तिला ती तसबीर आठवली. तिला वाटलं, हे सांगावं. छाती कापलेली बाई, आणि तरी जग तिच्यापुढं वाकतं. मग विहिरीवरच्या चार बायकांचं काय घेऊन बसायचं? एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यात खोट नव्हती. तिनं सुभेदार सांगितला, तुरुंग सांगितला, कापणं सांगितलं. प्रेमिलाचं डोकं तिच्या हाताखाली हललं.

"मंग वं?"

"मंग काय, रातच्याले एक म्हातारा आला कोठडीत. संत होता म्हणतात. त्यानं हात लावला आन् सारं जसंच्या तसं झालं."

"परत आली छाती?"

"हाव. परत आली."

प्रेमिला मागं वळली आणि हसली. किती आठवड्यांनी हसली होती. तिच्या गालाला लहानपणी पडायची तशी खळी पडली. अंजनाबाईच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, निखाऱ्यांचं आणि खापरांचं. ते तिनं गिळलं. आज नको, पोरगी हसली आहे, पुन्हा कधी सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं आणि तेलाच्या वाटीत बोटं बुडवली.

संध्याकाळी प्रेमिलानं स्वतःहून जेवायला मागितलं. सणाला वाटतात ते पाव तिला लहानपणापासून ठाऊक होते. जेवता जेवता तिनं सौदा मांडला.

"माय, मले त्या बाईचा पाव आणून देत जा. तिच्या दिवसापर्यंत खाईन. नाई गेली गाठ, तं तू म्हणशीन तिथं येईन."

अंजनाबाईनं तेव्हाच ताट बाजूला सारायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची पोर असती तर तिनं गल्ली डोक्यावर घेतली असती. पण नुसत्या नकारापेक्षा हे बरं, पोरगी निदान तारखेला बांधली गेली, असा तिनं हिशेब केला. महिन्याभरानं काय होतं, असंही तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिचा धीर संपला होता. तिला हा सौदा हवा होता. ती हो म्हणाली.

ती रोज भट्टीतून एक लहान गोल पाव पदरात बांधून आणू लागली. त्याच्यावर ना पाद्र्याचं पाणी, ना कुणाचा मंत्र. मैदा, मीठ, खमीर, एवढंच. प्रेमिला तो दोन्ही हातांत घेई, कपाळाला लावी आणि एकही कण खाली पडू न देता खाई. अंजनाबाई तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी पाहत राही. प्रेमिलाच्या अंगावर जरा तुकतुकी आली. ती गाणी म्हणू लागली, सुजाताला खेळवू लागली. एक दिवस म्हणाली, माय, पाह्य, लहान झाली. अंजनाबाईनं चाचपून पाहिलं. मैदा किती उठला हे अंधारात सांगणारी तिची बोटं. त्या बोटांनाही गाठ लहान लागली. तिला इतका आनंद झाला की ती रस्त्यानं चालताना एकटीच बोलत होती.

डॉक्टर उत्तराबाईनं दवाखान्यातली बाई दोनदा घरी पाठवली. दोन्ही वेळा अंजनाबाईनं तिला सांगितलं, येतो, सण झाला की येतो. कोणता सण, असं त्या बाईनं विचारलं नाही.

चार फेब्रुवारीच्या दुपारी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. टोपल्यांत पीठ उठत ठेवलं होतं. अंजनाबाई तसबिरीपुढं उभी राहिली. तिनं दाराकडं एकदा पाहून घेतलं आणि पीठ लागलेले हात जोडले. मागायचं काय ते तिला ठाऊक होतं, पण शब्द येईनात, कारण सवय राहिली नव्हती. शेवटी ती म्हणाली, बाई, तुझं तुला परत मिळालं, माझ्या पोरीचं आहे ते तेवढं राहू दे. मग तिनं घाईघाईनं हात पुसले. पदरालाही पीठ लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाव वाटताना सिस्टर फिलोमिना खुर्चीवर बसून रांग पाहत होती. त्या रांगेत तिला अंजनाबाई दिसली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, मान खाली. सिस्टर कधी नव्हे ती चिडवायचं विसरली. पाणी शिंपडलेला पाव अंजनाबाईच्या ओंजळीत पडला. सतरा वर्षं पाळलेली शपथ तिनं त्या ओंजळीत मोडली, आणि धावत घरी गेली.

प्रेमिलानं तो पाव खाल्ला. दोघी दार लावून दिवस मावळेपर्यंत बसल्या. मग अंजनाबाईनं हात लावून पाहिलं. तिची बोटं या वेळी खोटं बोलली नाहीत. गाठ होती तिथं होती, मोठी झाली होती, आणि काखेत वाटाण्यासारखं आणखी काही हाताला लागत होतं. प्रेमिलानं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पोलक्याची गुंडी लावली. दिलेल्या शब्दाला जागून सकाळी ती स्वतःच चप्पल घालून उभी राहिली.

डॉक्टर उत्तराबाईनं तपासलं. हात धुतले. मग अंजनाबाईला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "आधी काहून नाही आणलं?"

तोच प्रश्न. अंजनाबाईला या वेळी उत्तर ठाऊक होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

ऑपरेशन झालं. बाजू काढली, काखेतलंही काढलं, पण दुखणं पुढं पसरलं होतं. चैत्र लागला तसं प्रेमिलाला बसूनही श्वास घेता येईना. कंबर दुखे, रात्ररात्र दुखे. डॉक्टर उत्तराबाई म्हणाली, आता घरी ठेवा, औषध देते, दुखणं कमी होईल. आनंदराव माग सोडून इंदोऱ्याला येऊन राहिला. विहिरीवर अंघोळीला बसायची वेळ प्रेमिलावर आलीच नाही. तो स्वतः तिला ओल्या फडक्यानं पुसून काढायचा, त्या बाजूनंसुद्धा, आणि त्याचा हात कधी अडखळला नाही. प्रेमिला ते पाहायची. एकदा ती आईला म्हणाली, हे आधी समजलं असतं तर. अंजनाबाई उठून चुलीकडं गेली.

अंजनाबाईचं बोलणं बंद झालं होतं. गल्लीत बायका पोरांच्या गळ्यातले दोरे आता लपवत नव्हत्या. ती पाहायची आणि पुढं जायची.

वैशाखातल्या एका दुपारी आनंदराव औषध आणायला गेला होता. सुजाता पाणी मारून गार केलेल्या चटईवर झोपली होती. अंजनाबाई सुपानं वारा घालत होती. प्रेमिलानं डोळे उघडले. आता तिला दोन शब्दांमध्ये थांबावं लागायचं.

"माय, ते आगाताबाई. म्हाताऱ्यानं बरी केली. मंग पुढं काय झालं तिचं?"

सूप थांबलं. इतक्या दिवसांत हे तिनं विचारलं नव्हतं, आणि अंजनाबाई रोज या प्रश्नाला भीत आली होती. सुखात राहिली, लग्न झालं, नातवंडं पाहिली, काहीही सांगता आलं असतं. मरणाऱ्या लेकीशी खोटं बोललं म्हणून तिला कुणी नावं ठेवली नसती. पण ही गोष्ट एकदा अर्धी सांगितल्याचं काय झालं ते समोर निजलेलं होतं.

"मेली," अंजनाबाई म्हणाली. "निखाऱ्यावर लोळवली तिले. कोठडीतच मेली."

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू हासली होती वं," अंजनाबाई म्हणाली. "लय दिवसानं हासली होती."

प्रेमिला रागावली असती, ओरडली असती, तर अंजनाबाईला ते सोसलं असतं. तिनं नुसता हात पुढं केला आणि आईच्या लुगड्याचं टोक मुठीत धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं.

"दुसऱ्या कोणी सांगितली असती ना माय, तं मी नसती मानली," ती म्हणाली. "तू तं देवालेही नाई मानत. तू सांगितली, म्हणून मले वाटलं, खरी असन."

बाहेर कुणीतरी नळावर भांडं आपटलं. सुजाता जागी झाली, इकडंतिकडं पाहून रांगत आईकडं आली आणि सवयीनं तिच्या पोलक्याशी झोंबू लागली. दूध तर केव्हाच आटलं होतं. प्रेमिलानं तिच्या केसांवर हात ठेवला.

"इले ते गोष्ट पुरी सांगजो," ती म्हणाली.

अंजनाबाईनं हो म्हटलं. मग तिनं नातीला उचलून मांडीवर घेतलं, आणि पोर रडत होती तरी दुसऱ्या हातानं सूप हलवायला सुरुवात केली, कारण प्रेमिलाला फार उकडत होतं.